निम्मा छापील, निम्मा कोरा

मी एक शब्दकोश बोलतोय. जाडजूड, हिरव्या कापडी पाठीचा, पुठ्ठ्याच्या एका कोपऱ्यावर चहाचा डाग असलेला. माझी पानं सहाशे चोवीस. त्यातली निम्मी छापील आहेत आणि निम्मी कोरी होती. हा छापखान्याचा घोळ नाही. मला मुद्दाम असं बांधलं आहे.

माझ्याबरोबर आणखी चारशे प्रती निघाल्या. त्या सगळ्या सडपातळ. काही दुकानात गेल्या, काही शाळांत गेल्या, काही कुणीतरी कुणाला तरी भेट दिल्या आणि त्या तशाच न उघडता कपाटात राहिल्या. मी मात्र कोशकाराची स्वतःची प्रत. त्याने बाइंडरला सांगितलं होतं, "प्रत्येक छापील पानासमोर एक कोरं पान येऊ दे. दुरुस्त्या लिहायला जागा लागेल."

बाइंडर हसला. "साहेब, शाई अजून वाळली नाही आणि तुम्ही चुका धरूनच चाललात?"

"चुका आहेतच," कोशकार म्हणाला. "कुठे आहेत तेवढंच माहीत नाही."

मग बाइंडरने माझ्या प्रत्येक फर्म्याच्या घडीत कोरे कागद घातले, दोऱ्याने शिवलं, पाठीला खळ लावली आणि दोन दिवस दाबाखाली ठेवलं. बाहेर आलो तेव्हा मी इतर भावंडांच्या दुप्पट जाड होतो. जन्मतःच लठ्ठ. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

माझ्यात जुने इंग्रजी शब्द आहेत. शब्द कुठून आला, आधी त्याचा अर्थ काय होता, वाटेत तो कसा बदलला, हे सगळं आपल्या भाषेत समजावून सांगितलेलं. 'लॉर्ड' हा शब्द आज ऐकला की लोकांच्या डोळ्यांसमोर मखमल येते, पण मुळात तो होता पाव राखणारा. 'लेडी' म्हणजे कणीक मळणारी. 'विंडो' हा उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांनी आणलेला शब्द. त्याचा अर्थ वाऱ्याचा डोळा. 'डेझी' हे फूल म्हणजे दिवसाचा डोळा, कारण ते सकाळी उघडतं आणि संध्याकाळी मिटतं. 'सॅड' म्हणजे दुःखी, हे नंतरचं. आधी त्याचा अर्थ होता पोट भरलेला. आणि 'नाइस' म्हणजे चक्क अडाणी.

कोशकाराची बायको हा शेवटचा अर्थ कधी विसरली नाही. कुणी पाहुण्याने म्हटलं की तुमचे मिस्टर फार नाइस आहेत, तर ती म्हणायची, "हो ना. जुन्या अर्थाने."

कोशकाराचं पोटापाण्याचं काम वेगळं होतं. तो एका छापखान्यात मुद्रितशोधक होता. औषधांची माहितीपत्रकं, परीक्षांचे पेपर, बसची वेळापत्रकं, असलं सगळं तो सकाळपासून वाचायचा आणि लाल शाईने चुका टिपायचा. दुसऱ्यांच्या चुका दिवसभर काढून झाल्या की घरी येऊन स्वतःच्या काढायला बसायचा. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, खिडकीशी एक लांब टेबल. टेबलाच्या एका टोकाला बायकोचं शिवणयंत्र, दुसऱ्या टोकाला मी. मध्ये सीमारेषा म्हणून एक पट्टी ठेवलेली असायची, पण दोरे आणि कात्रणं माझ्यात येतच राहिली. आजही माझ्या दोनशे दहाव्या पानात एक निळा धागा आहे.

दुरुस्ती लिहायचे त्याचे तीन नियम होते. चूक खोडायची नाही. वरून एक बारीक रेघ मारायची, म्हणजे खालचं वाचता येतं. शेजारी तारीख घालायची. आणि चूक ज्याने दाखवली त्याचं नाव लिहायचं: 'दाखवणारा: अमुक'. त्याच्या टेबलावर खोडरबर कधी नव्हता. मुलगी लहान असताना शाळेतून एक घेऊन आली, तर त्याने तो तिच्या दप्तरात परत ठेवला आणि म्हणाला, "हा शाळेतच वापर. घरी चुका दिसू देत."

ही मुलगी आता मोठी झाली आहे. नगरपालिकेच्या तरणतलावावर पोहायला शिकवते. लहानपणी, सात-आठ वर्षांची असताना, ती माझ्यावर बसून जेवायची, कारण खुर्ची बुटकी होती. चहाचा डागही तिचाच.

आता ग्रंथपालाबद्दल सांगायला हवं, कारण माझ्या कोऱ्या पानांवर कोशकाराखालोखाल त्याचंच नाव आहे.

शनिवारी छापखाना दुपारी बंद व्हायचा. कोशकार आधी माझ्या चिठ्ठ्या, आणि मी बांधून झाल्यावर मला पिशवीत घालून ग्रंथालयात जायचा. तिथे संदर्भ विभागात एक लांब टेबल, आणि टेबलामागे ग्रंथपाल. उंच, किडकिडीत, चष्मा कपाळावर चढवून तोच चष्मा खोलीभर शोधणारा. दोघं शाळेपासूनचे दोस्त. जाड जाड इंग्रजी कोशांचे खंड उघडून दोघं तासन्‌तास एकेका शब्दाची हाडं मोजत बसायचे. दोघांनाही त्या शब्दांचं प्रेम होतं, आणि त्याहून जास्त प्रेम एकमेकांना चुकीत पकडण्याचं.

"गाढवा, हा फ्रेंचातून आलेला नाही."

"तुझ्या आजोबांनी आणला का मग?"

"पान उघड. उघड पान. वाच मोठ्याने."

आणि जो चुकला असेल तो मोठ्याने वाचायचा, दुसरा हसायचा, आणि दोन कप चहा यायचा. मी ते ऐकत असायचो. खरं सांगायचं तर माझा निम्मा मजकूर त्या टेबलावर शिजला आहे.

मी छापून आलो, त्यानंतर चार महिन्यांनी शहरातल्या एका मासिकात माझ्यावर परीक्षण आलं. ग्रंथपालाने लिहिलेलं. आधीचे तीन रकाने कौतुकाचे होते. ते कुणाच्या लक्षात राहिले नाहीत. चौथ्या रकान्यात तो 'बोनफायर' या शब्दावर आला.

मोकळ्यावर पेटवलेली मोठी आग म्हणजे 'बोनफायर'. माझ्या सेहेचाळिसाव्या पानावर छापलं होतं की यातला 'बोन' फ्रेंच आहे, त्याचा अर्थ चांगला. म्हणून ही चांगली आग, आनंदाची आग. ग्रंथपालाने लिहिलं, हे साफ चूक आहे. पाचशे वर्षांपूर्वीच्या एका जुन्या शब्दसंग्रहात याचा अर्थ सरळ हाडांची आग असा दिलेला आहे. पूर्वी जनावरांची हाडं गोळा करून जाळत, तिचं हे नाव. आणि मग त्याने एक वाक्य लिहिलं: 'आमच्या कोशकारांनी या आगीतली हाडं कुणाला जेवायला वाढली, ते कळत नाही.'

मासिक आलं त्या संध्याकाळी कोशकार टेबलाशी बसला. पलंगाखालून त्याने बुटांचे खोके काढले. त्यांत त्याच्या पंधरा वर्षांच्या चिठ्ठ्या होत्या. 'बोन' या शब्दाच्या चिठ्ठीमागे एक दुसरी चिठ्ठी खळीने चिकटून बसली होती. नखाने हळूच सोडवली. तिच्यावर त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं: बोनफायर, हाडांची आग, पुन्हा पाहणे.

म्हणजे त्याला हे फार पूर्वीच सापडलं होतं. कोश लिहिताना चिठ्ठी हाती लागली नाही, आणि त्याने आठवणीवर भरवसा ठेवून 'चांगली आग' लिहून टाकलं.

त्याने चिठ्ठी टेबलावर सरळ केली. मग मला उघडलं. छापील ओळीवर एक बारीक रेघ मारली. समोरच्या कोऱ्या पानावर लिहिलं, 'हाडांची आग.' त्या दिवसाची तारीख घातली. आणि नियमाप्रमाणे खाली लिहिलं, 'दाखवणारा: ग्रंथपाल.' अक्षर नेहमीसारखंच सुवाच्य आहे.

एवढ्यावर गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण दुसऱ्या दिवशी तो छापखान्यात गेला तेव्हा खिळे जुळवणारे जुळारी दारातच म्हणाले, "या, बिनहाडाचे!" मालकाने विचारलं, जेवायला काय काय होतं. आठवडाभरात ते नाव पसरलं. किराणा दुकानात बायकोला कुणीतरी म्हणालं, "तुम्ही त्या बिनहाडाच्या कोशवाल्यांच्या ना?"

ती घरी आली ती तणतणतच. "ज्याच्या जिभेला हाड नाही, त्याने तुम्हाला हाडं शिकवावीत!"

"चूक माझीच आहे," कोशकार म्हणाला. "ती नुसती दाखवली असती तर मी त्याचे पाय धरले असते. पण त्याने चारचौघांना हसवलं." जरा थांबून म्हणाला, "माझ्यावर हसवलं."

तीन आठवड्यांनी त्याने मासिकाला उत्तर पाठवलं. चार पानी. त्यात त्याने फ्रेंच 'बोन'ची बाजू अशी काही मांडली की मलाही क्षणभर वाटलं, खरंच असेल. ते उत्तर त्याने माझ्यावर कागद ठेवून लिहिलं. म्हणजे खोटं वर होतं आणि खरं खाली, मध्ये एक पुठ्ठा. मी कोश आहे. कुणी विचारल्याशिवाय मी उघडत नाही.

त्यानंतर शनिवार संपले.

कोशकार ग्रंथालयात गेला नाही. मोठे कोश पाहायची वेळ आली की तो दीड तास बसने दुसऱ्या गावच्या ग्रंथालयात जायचा आणि दीड तास परत. घरापासून आपलं ग्रंथालय चालत सात मिनिटांवर. पावसापाण्यात, ताप असताना, गुडघे दुखत असताना तो बसने जात राहिला. मी पिशवीत असायचो, म्हणून मला माहीत आहे.

इकडे वर्षभराने ग्रंथपालाने त्याच मासिकात दरमहा शब्दांवर सदर सुरू केलं. कोशकाराने ते मासिक घरी घ्यायचं बंद केलं. पण दुसऱ्या गावच्या ग्रंथालयात ते येत होतं, आणि तो आधी तेच काढून वाचायचा. सदरात त्याच्या कोशातल्या एखाद्या शब्दाची बरोबर माहिती निघाली की तो मला उघडायचा. रेघ, तारीख, दाखवणारा: ग्रंथपाल. पुन्हा दोन महिन्यांनी: रेघ, तारीख, दाखवणारा: ग्रंथपाल. रस्त्यात समोर आला तर हा माणूस पलीकडच्या फुटपाथवर जायचा. पण नियम म्हणजे नियम. माणसं अशी का असतात, ते माझ्यात दिलेलं नाही.

अशी अकरा वर्षं गेली.

शेवटच्या चार वर्षांत कोशकाराचे डोळे अधू होत गेले. पडद्याचा काहीतरी आजार. आधी बारीक अक्षर दिसेना, मग मोठं. छापखान्यातून तो निवृत्त झाला, खरं म्हणजे व्हावंच लागलं. माझ्यातलं त्याचं अक्षर हळूहळू मोठं होत गेलं आहे आणि ओळी उतरत्या. शेवटच्या वर्षी तर दोन ओळी एकमेकींवरच लिहिल्या गेल्या. आता त्याला खिडकीतला उजेड कळतो, समोर कुणी आहे एवढं कळतं.

नेमकी तेव्हाच एक प्रकाशिका घरी आली. दुसरी आवृत्ती काढायची तिची तयारी होती. तिने मला उलटसुलट चाळलं आणि म्हणाली, "हे सोनं आहे. पण शेवटचं अक्षर लागत नाही, आणि काही दुरुस्त्या एकमेकींशी भांडतायत. कुणीतरी जाणकाराने एकदा सगळं मूळ कोशांशी ताडून द्यायला हवं. दोन महिन्यांत मिळालं तर घेते. नाहीतर मग माझ्याच्याने होणार नाही."

ती गेल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, जाणकार आहेत ना सात मिनिटांवर."

"तो सोडून कुणीही."

"दुसरं कोण आहे?"

"कुणी नाही," कोशकार म्हणाला. "मग नको आवृत्ती."

मुलीने हट्ट सोडला नाही. ती म्हणाली, मी वाचते, तुम्ही सांगा काय ठेवायचं. तलावावरून आली की ओल्या केसांनी टेबलाशी बसायची. माझ्यावर पाणी पडेल म्हणून बायको तिच्या खांद्यावर टॉवेल टाकायची. मुलगी एकेक दुरुस्ती वाचायची, कोशकार म्हणायचा, "ठेव," किंवा "याचं मला आता आठवत नाही." हे दुसरं उत्तर वाढत चाललं होतं.

चौथ्या दिवशी ते पंचेचाळिसाव्या पानावर आले. कोशकार म्हणाला, "पुढचं सोड. सत्तेचाळीस घे."

"का?"

"तिथे काही नाही."

मुलीने पान उलटलं. ती वाचता वाचता थांबली. शिवणयंत्रही थांबलं.

"बाबा, ही तारीख... म्हणजे तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं?"

"त्याच्या कितीतरी आधीच कळलेलं होतं. चिठ्ठी सापडत नव्हती."

"मग काकांना सांगितलं का नाही?"

कोशकाराने टेबलावर हात फिरवला, मधली पट्टी सापडली, ती सरळ केली. "पहिल्या वर्षी राग होता म्हणून नाही सांगितलं. दुसऱ्या वर्षी सांगायला गेलो होतो, ग्रंथालयाच्या पायऱ्यांपर्यंत. मग वाटलं, तो विचारेल, वर्षभर काय करत होतास? दर वर्षी त्या प्रश्नात एकेक वर्ष वाढत गेलं. आता तो विचारेल, अकरा वर्षं काय करत होतास. याला काय उत्तर आहे माझ्याकडे? लाज वाटते मला. सोड ते पान."

बायको म्हणाली, "मला तरी सांगायचंत. मी अकरा वर्षं त्या माणसाला शिव्या घालतेय."

दुसऱ्या दिवशी मुलीने मला कोरड्या टॉवेलात गुंडाळून पोहण्याच्या पिशवीत घातलं आणि ग्रंथालयात नेलं. वडिलांना विचारलं नाही. आईला विचारलं, आईने पिशवीची चेन लावून दिली.

ग्रंथपाल आता निवृत्त झाला आहे, पण संदर्भ विभागातलं ते टेबल त्याने सोडलेलं नाही. नव्या ग्रंथपालबाई त्याला सोडायला लावतही नाहीत. चष्मा कपाळावर होता. त्याने मुलीला ओळखलं, मला आधी ओळखलं.

"काका, हे एकदा बघाल?" तिने मला सेहेचाळिसाव्या पानावर उघडून समोर ठेवलं.

त्याने चष्मा शोधला, सापडला, वाचलं. तारखेवर बोट ठेवलं. मुलीला वाटलं असावं की आता त्याचे डोळे भरून येतील. मलाही तसंच वाटलं होतं. पण तो लाल झाला.

"हे त्याच दिवशी लिहिलं? आणि तीन आठवड्यांनी मला चार पानांत खोटं पाडलं? मी रात्रंदिवस ते फ्रेंच 'बोन' तपासत बसलो होतो. मला वाटायला लागलं, आपलंच चुकलं असेल. अगं, मी त्या उत्तरानंतर सहा महिने एक ओळ लिहिली नव्हती! घेऊन जा हे."

"काका—"

"घेऊन जा म्हणतो ना."

मुलगी उठली नाही. तिने सांगितलं की बाबांना आता दिसत नाही, दोन महिन्यांत आवृत्ती गेली नाही तर जाणारच नाही, आणि हे इथे आणल्याचं त्यांना माहीत नाही. हे सांगताना ती माझी पानं नुसतीच उलटत होती. हाताला चाळा म्हणून.

"दिसत नाही म्हणजे?" ग्रंथपाल म्हणाला.

"माणूस कळतो. अक्षर नाही."

त्याने पुन्हा माझ्याकडे पाहिलं. आणि उलटणाऱ्या पानांत त्याला स्वतःचं नाव दिसलं. त्याने तिचा हात थांबवला. मग स्वतः उलटायला लागला. पान बासष्ट, दाखवणारा: ग्रंथपाल. पान एकशे आठ, दाखवणारा: ग्रंथपाल. तारखा सगळ्या भांडणानंतरच्या. तो बोटावर मोजत गेला, मग कागद घेऊन मोजत गेला. एकोणतीस ठिकाणी.

"हा माझं सदर वाचत होता," तो म्हणाला. "इथे तर मासिकाच्या खोलीत कधी फिरकला नाही."

"दुसऱ्या गावी जाऊन वाचायचे. बसने."

ग्रंथपालाने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुझ्या बापाला एक सांगायचं राहिलं. ते वाक्य मी त्याच्यासाठीच लिहिलं होतं. शनिवारी त्याला आधी वाचून दाखवणार होतो, तो हसला असता, आणि मग मी ते काढणार होतो. त्या शनिवारी तो तापाने आला नाही. सोमवारी लेख द्यायचा होता. मी म्हटलं, राहू दे, छापून आल्यावर हसेल." जरा वेळाने म्हणाला, "टेबलावरची थट्टा होती ती. छापायची नव्हती. ठेव ते इथे."

मी तिथे एकोणीस दिवस राहिलो. जुन्या ओळखीच्या टेबलावर, जुन्या जाड खंडांच्या शेजारी. त्याने माझी प्रत्येक दुरुस्ती ताडून पाहिली, पेन्सिलीने बारीक खुणा केल्या. घरी काय चाललंय, ते मला नंतर बोलण्यातून कळलं. कोशकाराने पहिल्याच दिवशी टेबल चाचपलं आणि विचारलं, कोश कुठाय. बायकोने सांगितलं, "पाठ उसवली होती, बाइंडरकडे टाकलाय." तो म्हणाला, "बरं." पुन्हा विचारलं नाही. बाइंडर वारला त्याला सहा वर्षं झाली होती, आणि त्याला कोशकार स्वतः पोचवून आला होता.

पंधराव्या दिवशी ग्रंथपाल दोनशे एक्केचाळिसाव्या पानावर आला. शब्द होता 'सँडब्लाइंड'. जुना शब्द, अंधुक दिसणाऱ्यासाठीचा. छापील पानावर होतं: मूळ रूप 'सॅमब्लाइंड', 'सॅम' म्हणजे अर्धा, म्हणून अर्धा आंधळा. त्यावर एक रेघ होती, वाकडी. समोर मोठ्या, उतरत्या अक्षरात लिहिलं होतं: 'सँड म्हणजे वाळूच. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होणारा. तसंच होतं. दाखवणारा: ग्रंथपाल.' तारीख तीन वर्षांपूर्वीची.

ग्रंथपालाने मोठा खंड ओढला. मग दुसरा. मग आपल्या सदराचं जुनं कात्रण. सदरात त्याने वाळूच लिहिली होती, आणि ती चूक होती. छापलेलं बरोबर होतं. ज्या कोशकाराने आयुष्यभर कुणाचं काही पडताळल्याशिवाय घेतलं नाही, त्याने हे एक न पडताळता घेतलं होतं. 'तसंच होतं' या दोन शब्दांवर ग्रंथपालाचं बोट बराच वेळ राहिलं. मग त्याने पेन उघडलं.

शनिवारी दुपारी तो दोन जिने चढून कोशकाराच्या घरी आला. मी त्याच्या काखेत. तो दारात धापा टाकत उभा राहिला. बायकोने दार उघडलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि अकरा वर्षं साठवलेलं काहीही न बोलता म्हणाली, "बसा. चहा टाकते."

कोशकाराने मान वर केली. "कोण आहे?"

ग्रंथपाल मुलीच्या खुर्चीवर बसला आणि मला टेबलावर ठेवलं. माझा आवाज कोशकाराने ओळखला. हात पुढे करून त्याने माझा कोपरा चाचपला, चहाचा डाग खरखरीत लागतो तिथे.

"बाइंडर आलाय वाटतं," तो म्हणाला.

"सँडब्लाइंड," ग्रंथपाल म्हणाला. "पान दोनशे एक्केचाळीस."

कोशकार जरासा मागे टेकला. आवाज ओळखून झाला होता. "ते तुझंच आहे. वाळू."

"वाळू नाही. अर्धा. तुझं छापलेलंच बरोबर होतं. मी चुकलो, आणि छापून चुकलो. गाढवा, तू पडताळून का नाही पाहिलंस?"

"तू लिहिलं होतंस," कोशकार म्हणाला.

ग्रंथपालाने मला उघडलं. स्वयंपाकघरात कपांचा आवाज थांबला. मग तो मोठ्याने वाचायला लागला, जो चुकला असेल त्याने वाचायचं असतं तसं. "वाळूवर रेघ मारली आहे. अर्धा आंधळा, पहिल्या आवृत्तीप्रमाणे कायम. तारीख मंगळवारची. दाखवणारा: कोशकार."

"अर्धा नाही आता. पाऊण," कोशकार म्हणाला. मग टेबलावरची पट्टी सरळ करत विचारलं, "आणि सेहेचाळीस?"

"वाचलं."

"मग?"

सगळं घर ऐकत होतं. हेच ते, अकरा वर्षं टाळलेलं. ग्रंथपालाने नाक ओढलं, कपाळावरचा चष्मा उगाच टेबलावर शोधला.

"हाडं आहेत जागेवर," तो म्हणाला.

कोशकार हसला. आधी बारीक, मग खांदे हलेपर्यंत. मग ग्रंथपालही. दोघांचे डोळे वाहत होते आणि पुसायला बायकोने शिवणातला एक तुकडा दिला, दोघांत एकच.

दुसरी आवृत्ती निघाली. सडपातळ, नीटनेटकी, सगळ्या दुरुस्त्या पोटात घालून. माझं काम संपलं. आता मी ग्रंथालयात असतो, संदर्भ विभागाच्या त्या लांब टेबलावर. दर शनिवारी मुलगी वडिलांना हात धरून आणून सोडते आणि तलावावर जाते. एक वाचतो, एक ऐकतो, दोघं भांडतात. माझी एकशे चाळीस पानं अजून कोरी आहेत.

तुम्ही कधी आलात तर मला खुशाल उघडा. शेजारी दोरीला पेन्सिल बांधलेली आहे, खोडरबर नाही. माझ्यात चूक सापडली तर एक बारीक रेघ मारा, तारीख घाला, नाव लिहा. आणि लिहून झालं की मला मिटा आणि ज्याची चूक आहे त्याच्या घरी जा. तुमची स्वतःची असेल तर लवकर जा. माझ्यात लिहिलेलं मी कितीही वर्षं सांभाळीन. पोचवता मात्र मला येत नाही.